आधी पाणी, मग तिकीट

परदेशातल्या समुद्रकिनाऱ्याची सहल आखताना आपल्याकडे एक ठरलेला क्रम असतो. आधी फोटो, मग रजा, मग विमानाचे तिकीट. हवा कशी असेल याची चौकशी निघायच्या आठवड्यात, बॅग भरताना. थायलंड किंवा मालदीवच्या बाबतीत हा क्रम फारसा अंगाशी येत नाही. तिथे पाऊस पडला तरी पाणी कोमटच असते. दक्षिण अमेरिकेतल्या पेरूच्या किनाऱ्यावर मात्र तो हमखास फसतो. पेरूची राजधानी लिमा विषुववृत्ताच्या दक्षिणेला 12 अंशांवर आहे आणि आपले चेन्नई उत्तरेला 13 अंशांवर. दोन्ही शहरे समुद्रकाठची. साहजिकच चेन्नईच्या हिशेबाने सुती कपडे घेऊन ऑगस्टमध्ये लिमाला उतरणारे पर्यटक कमी नाहीत. त्यांच्या वाट्याला येते ती पंधरा-सोळा अंशांची ओलसर थंडी, दिवसचे दिवस सूर्य न दाखवणारे आकाश, आणि इतके गार पाणी की लाटांवर खेळणारी स्थानिक मुलेही अंगभर रबरी पोशाख चढवून उतरतात. दोष ऋतूचा नसतो आणि शहराचाही नसतो. आखणीची सुरुवात चुकीच्या टोकाने झालेली असते. पेरूच्या किनाऱ्याचा बेत पाण्याच्या तापमानापासून सुरू करावा. कोणत्या महिन्यात जायचे, कोणत्या गावी उतरायचे, काय पाहायचे आणि ताटात काय येणार, हे सगळे त्या एका गोष्टीवरून ठरते.

हे पाणी गार का, ते आधी पाहू. दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाह थंड पाणी घेऊन किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकतो. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांनी 1802 मध्ये इथल्या पाण्याचे तापमान मोजले म्हणून त्यांचे नाव त्याला चिकटले. कोळ्यांना तो कितीतरी आधीपासून ठाऊक होता. पण प्रवाह हे निम्मेच कारण. किनाऱ्याला समांतर वाहणारे दक्षिणेचे वारे आणि पृथ्वीचे फिरणे यांच्या जोडीमुळे वरच्या थरातले पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे गार पाणी वर येते. त्यामुळे लिमाजवळ हिवाळ्यात समुद्र साधारण 15 ते 17 अंशांवर असतो. गार समुद्रावरची हवाही गार आणि जड. तिच्यावर कोरड्या, उबदार हवेचे झाकण. ढग तयार होतो, पण वर चढून पाऊस व्हायला त्याला वावच मिळत नाही. तो शहरावर तसाच पसरून राहतो. लिमाचे लोक या आकाशाला ‘गाढवाचे पोट’ म्हणतात आणि त्यातून झिरपणाऱ्या भुरभुरीला ‘गारूआ’. वर्षाकाठी लिमात पडणारा पाऊस जेमतेम दहा मिलिमीटरच्या आसपास. पूर्वेकडून येणारे बाष्प अँडीज पर्वत अडवतो, पश्चिमेकडचा समुद्र पाऊस देत नाही. म्हणून इथे वाळवंट थेट लाटांपर्यंत येऊन थांबते. हा सगळा खेळ समुद्राचाच आहे याची खात्री करून घ्यायची तर लिमापासून चाळीसएक किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या चोसिकाकडे पाहावे. राजधानी करड्या ढगाखाली असते तेव्हा तिथे स्वच्छ ऊन असते, आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी लिमाकर ऊन खायला तिकडेच जातात.

एवढे लक्षात आले की पेरूचा किनारा एकसंध राहत नाही. त्याचे निदान तीन वेगळे पट्टे दिसू लागतात. पहिला लिमाच्या दक्षिणेचा, पाराकासचा. बसने चार तासांच्या अंतरावर. इथे पोहायला येण्यात फारसा अर्थ नाही. इथे गार पाण्याची श्रीमंती पाहायला यायचे. खालून वर येणाऱ्या पाण्याबरोबर खनिजद्रव्ये येतात, त्यांवर सूक्ष्म वनस्पती, त्यांवर आंचोवेता नावाचे बोटभर मासे, आणि त्या माशांवर बाकी सगळे. पाराकासहून सकाळी निघणारी बोट बायेस्तास बेटांना दोनएक तासांचा फेरा मारते. बेटांवर उतरू देत नाहीत, पण उतरायची गरजही पडत नाही. खडकांच्या कपारींत समुद्रसिंहांची गर्दी आणि त्यांची सततची ओरड, वर पाणकावळे, पेलिकन आणि बूबी पक्ष्यांचे थवे, मध्येच एखाद्या उतारावर रांगेने चालणारे हम्बोल्ट पेंग्विन, आणि या सगळ्यावर विष्ठेचा उग्र दर्प. बोट सकाळचीच घ्यावी, कारण दुपारनंतर इथे वाळू उडवणारा वारा सुटतो. पक्ष्यांच्या या विष्ठेलाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जवळच्याच चिंचा बेटांवरून ‘ग्वानो’ नावाचे हे खत जहाजे भरभरून युरोपात गेले आणि काही दशके पेरूची तिजोरी त्यावर चालली.

दुसरा पट्टा लिमापासून उत्तरेला त्रुहियोपर्यंतचा. पाणी गारच, पण माणसाने या समुद्राशी काय नाते जुळवले ते इथे सर्वांत स्पष्ट दिसते. त्रुहियोला लागून वानचाको हे कोळ्यांचे गाव आहे. तिथे आजही काही कोळी तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या होडीतून मासेमारी करतात. किनाऱ्यामागच्या ओलसर खड्ड्यांत हे लव्हाळे मुद्दाम वाढवतात, कापून उन्हात वाळवतात आणि त्याच्या मोळ्या दोरीने करकचून आवळतात. पुढचे टोक वर वळवलेले, मागे जाळे आणि मासळी ठेवायला छोटी खाच. कोळी तिच्यावर गुडघे टेकून किंवा घोड्यावर बसल्यासारखा दोन्हीकडे पाय सोडून बसतो, बांबूचे वल्हे मारत लाट ओलांडतो आणि परतताना त्याच लाटेवर स्वार होऊन वाळूत येतो. भिजून जड झालेली होडी मग वाळूत उभी करून वाळत ठेवतात. काही आठवड्यांतच लव्हाळे कुजू लागते आणि नवी बांधावी लागते. या प्रदेशातल्या सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या मोचे संस्कृतीच्या मातीच्या भांड्यांवर अशाच होड्या दिसतात. जवळच चान चान आहे, चिमू राज्याची राजधानी, सुमारे वीस चौरस किलोमीटरवर पसरलेले कच्च्या विटांचे शहर. 1986 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि त्याच वर्षी धोक्यातल्या वारशांतही नोंदवले. तिथल्या भिंतींवर मासे, पक्षी, लाटा आणि जाळ्यासारखी नक्षी मातीतच उठवलेली आहे. मातीच्या या भिंती उभ्या राहिल्या त्या पाऊस नाही म्हणून, आणि पाऊस नाही तो समुद्र गार आहे म्हणून.

तिसरा पट्टा अगदी उत्तरेचा, इक्वेडोरच्या सीमेकडचा: मांकोरा, लोस ऑर्गानोस, पुंता साल. इथे थंड प्रवाह किनारा सोडून पश्चिमेला वळतो आणि विषुववृत्ताकडचे उबदार पाणी भेटते. पोहण्यासाठी, लोळण्यासाठी, मुलांना पाण्यात सोडण्यासाठी पेरूत यायचे असेल तर ते इथे. हिवाळ्यातही पाणी सोसवते, आणि जुलै ते ऑक्टोबर या काळात दक्षिणेच्या थंड समुद्रातून प्रजननासाठी वर आलेले हम्पबॅक देवमासे किनाऱ्याजवळून दिसतात. लिमापासून हा भाग सुमारे बाराशे किलोमीटर. बसने जवळजवळ एक पूर्ण दिवस लागतो. त्यापेक्षा तालारा किंवा तुंबेसपर्यंत विमानाने जाऊन पुढे गाडी करणे शहाणपणाचे. ‘पेरूचा बीच’ म्हणून जाहिरातीत दिसणारा फोटो बहुतेक वेळा या पट्ट्यातला असतो, आणि हॉटेलचे बुकिंग मात्र लिमाचे झालेले असते. निराशा नेमकी इथून सुरू होते.

आता महिन्याचा प्रश्न. पेरूला जाणारा मराठी पर्यटक बहुधा अँडीजमधल्या माचू पिचूसाठी जातो आणि किनारा जोडीला घेतो. अडचण अशी की या दोन्हींचे वेळापत्रक एकमेकांच्या विरुद्ध चालते. अँडीजमध्ये मे ते सप्टेंबर कोरडा, स्वच्छ हंगाम. त्याच काळात लिमाचा किनारा ढगाखाली. डिसेंबर ते मार्च लिमाला ऊन, पाणी वीसच्या पुढेमागे, किनारे गजबजलेले. त्याच वेळी डोंगरात पावसाळा, आणि माचू पिचूकडे जाणारी इंका ट्रेल ही पायवाट तर फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंदच असते. मग आपल्या सुट्ट्या यात कुठे बसतात? मेच्या सुट्टीत डोंगर उत्तम, लिमावर ढग जमू लागलेले, उत्तरेचे मांकोरा छान. दिवाळीच्या सुमारास लिमाचे आकाश उघडू लागते, डोंगरात पावसाची नुकती सुरुवात असते आणि दोन्हीकडे गर्दी कमी. दोन्ही हवे असणाऱ्यांसाठी हा सर्वांत समतोल काळ. नाताळात किनारा ऐन रंगात येऊ लागतो, पण वर्षअखेरीस मांकोरात पेरूचेच लोक लोटतात आणि भाडी चढतात. कोणी म्हणेल, एवढ्या लांब जायचे तर थोडा ढग सहन करू, त्यात काय? जरूर करावा, पण जाणून-बुजून करावा. हिवाळ्यातल्या लिमालाही स्वतःचे असे काही आहे. ज्या ढगामुळे ऊन मिळत नाही, त्याच ढगाच्या ओलाव्यावर किनाऱ्यालगतच्या उघड्याबोडक्या टेकड्या जुलैपासून हिरव्या होतात आणि फुलतात. त्यांना ‘लोमास’ म्हणतात. लिमाच्या उत्तरेला शंभरएक किलोमीटरवरचे लाचाय हे त्यांतले प्रसिद्ध अभयारण्य. फेब्रुवारीत गेलात तर तिथे काळपट मातीच दिसेल. म्हणजे वाईट महिना असा नसतो. चुकीच्या अपेक्षेने गाठलेला महिना असतो.

यावर आणखी एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ज्यांच्या दाराशी कोकण आणि गोवा आहे, त्यांनी दोन महासागर ओलांडून गार पाण्याचा किनारा का पाहावा? नुसती वाळू, ऊन आणि नारळ हवे असतील तर पाहूच नये. तो पैसा वाया जाईल. आंजर्ले किंवा तारकर्ली त्या बाबतीत कुठेही कमी नाही. पेरूचा किनारा जे दाखवतो ते मात्र अरबी समुद्राच्या काठी मिळत नाही: मागे रखरखीत वाळवंट, पुढे जगातल्या सर्वांत सुपीक समुद्रांपैकी एक, आणि या विसंगतीवर उभी राहिलेली पाच हजार वर्षांची वस्ती. लिमाच्या उत्तरेला असलेले काराल हे अमेरिका खंडांतल्या सर्वांत जुन्या नगरांपैकी एक. ते आतल्या खोऱ्यात असूनही तिथल्या उत्खननात आंचोवेता आणि सार्डिनच्या काट्यांचे ढीग सापडले. आपल्याला ‘किनारा’ म्हटले की माडांची सावली आठवते. सावलीशिवायचा किनाराही माणसांना इतका काळ कसा पोसू शकतो, हे पाहायचे असेल तरच हा प्रवास सार्थकी लागतो.

सरासरी तापमानावर बेत आखायचा म्हटले तर सरासरी मोडणाऱ्या वर्षांचे काय, हा प्रश्न उरतो. तो सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि इथे हा दूरचा समुद्र थेट आपल्या शेतापर्यंत पोहोचतो. काही वर्षांच्या अंतराने वारे मंदावतात, गार पाणी वर येणे थांबते आणि पेरूच्या किनाऱ्याला उबदार पाणी येऊन भिडते. हाच तो एल निनो. दर एप्रिलमध्ये हवामान खात्याचा मॉन्सूनचा अंदाज येतो तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत ज्याची धास्ती छापून येते, तो. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यावरच्या हवेच्या दाबात वर-खाली होणारा, पुढे एल निनोशी जोडला गेलेला झोका असतो, ही गोष्ट ओळखली गिल्बर्ट वॉकर यांनी; ते 1904 पासून वीस वर्षे भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते आणि त्यांना शोध हवा होता तो आपला दुष्काळ आधी कळण्याचा. 1876-78 च्या दख्खनच्या भीषण दुष्काळाशीही संशोधक 1877 च्या प्रबळ एल निनोचा संबंध जोडतात. अशा वर्षांत आपल्याकडे पाऊस अनेकदा हुलकावणी देतो, पेरूच्या उत्तरेत मात्र तो कोसळतो. 1997-98 मध्ये सेचुराच्या वाळवंटात इतके पाणी साचले की काही काळ तिथे मोठे सरोवरच उभे राहिले. प्रवाशाने यातून एक बारकावा ध्यानात ठेवावा. 2017 च्या सुरुवातीला प्रशांत महासागराच्या मध्यात फारशी हालचाल नसताना केवळ पेरू आणि इक्वेडोरच्या किनाऱ्याजवळचे पाणी तापले; मार्चमध्ये पिउरा शहरात नदी घुसली आणि किनाऱ्याच्या महामार्गावरचे पूल वाहून गेले. भारतातल्या बातम्यांत एल निनो नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. जानेवारी ते मार्चमध्ये उत्तर पेरूला जायचे असेल तर तिथल्या ‘सेनाम्ही’ या हवामान संस्थेची किनाऱ्यासाठीची सूचना पाहावी आणि विमान-हॉटेलचे पैसे परत मिळतील असेच बुकिंग करावे.

पाण्याचा हिशेब ताटापर्यंतही जातो. सेविचे हा इथला मानाचा पदार्थ: ताज्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात, मिरची आणि कांद्यासह, बाजूला रताळे आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. 2023 मध्ये युनेस्कोने त्याच्या परंपरेला अमूर्त वारशाचा मान दिला. तो दुपारी खायचा पदार्थ आहे. सकाळची मासळी दुपारी ताटात, म्हणून सेविचेची खास हॉटेले संध्याकाळी बहुधा बंद दिसतात. ज्यांना कच्च्या माशाचा विचार सोसत नाही त्यांना तळलेला मासा सगळीकडे मिळतो. शाकाहारी माणसाचे काय? त्याच्यासाठी वाट आहे ‘चिफा’ची, म्हणजे पेरूतल्या चिनी हॉटेलांची. 1849 पासून ग्वानोची बेटे खणायला आणि ऊस-कापसाच्या मळ्यांवर राबायला चिनी मजूर करारावर आणले गेले, त्यांचे अतोनात हाल झाले, आणि त्यांच्या वंशजांची खानावळ आज गावोगाव आहे. भाज्या घातलेला परतलेला भात तिथे सांगून करून घेता येतो. मात्र नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. कोंबडी आणि मासे यांची नावे घेऊन वेगळे सांगावे लागते, कारण ‘मांस’ म्हणजे गोमांस अशीच बऱ्याच जणांची समजूत असते.

कागदपत्रांचे मात्र समुद्राशी काही देणेघेणे नाही, आणि तीच बाजू ऐन वेळी नडते. भारतातून पेरूला थेट विमान नाही; युरोप किंवा अमेरिकेमार्गे जावे लागते, आणि त्या मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकिटाआधी पाहावे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा हाती असणाऱ्या भारतीयांना पेरूने व्हिसातून सूट दिलेली आहे. तरी नियम बदलतात, वकिलातीकडून खात्री करून घ्यावी. सर्वांत दुर्लक्षित बाब पिवळ्या तापाच्या लसीची. ‘आम्ही जंगलात जाणारच नाही, फक्त किनारा पाहणार’ हा युक्तिवाद परतताना भारतीय विमानतळावर चालत नाही. आपल्या सरकारची यादी देशाच्या नावाने चालते आणि पेरू तिच्यात आहे. प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. लस अधिकृत केंद्रातच, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी. ती एकदा घेतली की पुरते. सुरक्षिततेचा विचारही टाळू नये. लिमा आणि शेजारच्या कायाओ भागात गुन्हेगारीमुळे अलीकडे आणीबाणी लावण्यात आली होती. रात्रीचा प्रवास, फोन हातात घेऊन रस्त्यात उभे राहणे, रस्त्यावरची टॅक्सी, हे टाळलेले बरे. किनाऱ्यावरच्या गावांत त्सुनामीच्या वेळी पळण्याची दिशा दाखवणाऱ्या पाट्या असतात. 2007 च्या भूकंपात पाराकासची प्रसिद्ध खडककमान कोसळली हे लक्षात घेऊन त्या पाट्या पहिल्याच दिवशी पाहून ठेवाव्यात. आणि लिमाच्या जवळ पोहायचे झाल्यास, आरोग्य खाते उन्हाळ्यात किनाऱ्यांची तपासणी करून जी यादी देते ती पाहूनच उतरावे.

हे सगळे जमेस धरून एक बेत मांडता येईल. दिवाळीच्या सुमारास तीन आठवडे असतील तर लिमात दोन दिवस, पाराकासला दोन, मग डोंगरातल्या कुस्को आणि माचू पिचूला आठवडाभर, आणि शेवटी विमानाने उत्तरेला: त्रुहियो-वानचाको तीन दिवस, मांकोरा चार. उरलेले दिवस जाण्या-येण्याला. डोंगरातली थकावट उबदार पाण्यात उतरते, आणि गार समुद्र कसा जगवतो हे आधी पाहिलेले असल्यामुळे उत्तरेच्या कोमट पाण्याचा अर्थही कळतो. रजा दोनच आठवडे असेल तर एक पट्टा गाळावा; तिन्ही गाठण्याच्या हट्टापायी बसमध्ये रात्री काढू नयेत. मुले लहान असतील तर पाराकासचा गार वारा टाळून मांकोराचे दिवस वाढवावेत; पक्षी आणि इतिहास यांची आवड असेल तर उलट करावे. बेत कुणाचा आणि कसाही असो, तिकिटाच्या संकेतस्थळावर जाण्याआधी त्या महिन्यातले, त्या गावाजवळचे पाण्याचे तापमान पाहावे. तो आकडा दोन मिनिटांत सापडतो, आणि या किनाऱ्यावर तुमचे काय होणार आहे हे हॉटेलच्या कोणत्याही फोटोपेक्षा तो जास्त खरे सांगतो.